तुमचं नाव काय?

बुधवार, दिवेलागण

लिही शिल्पे. पोलीस झालीस तरी आजीची रोजनिशी तुझ्याच हाती.

दवाखान्यात डॉक्टर न्हाई, म्हणून आमी बाया दारात बसलो. करोनासाठी तुमी पोलिसांनीच आखलेल्या चुन्याच्या गोलांत, एकेकीला एकेक गोल. तू काठी घेऊन आलीस. "आजी, जमावबंदी हाय, ऊठ."

"जमाव कुठाय बाई? गोलात मी एकटीच हाय!"

बाया हसल्या. मास्कमागं तूबी हसलीस. मग तुझ्या साहेबासमोर वही काढून मलाच विचारलंस, "तुमचं नाव काय?" तुमचं! सारखं तेच आठवायलंय. नोकरी हाय तुझी, कळतं मला.

पण तुझ्या आईला दम लागायलाय. डॉक्टर कवा येणार?

उद्या परत बसणार हाय. हे मात्र लिहू नको, तुला साहेबाला सांगावं लागंल.