साडेपाचनंतरचं काम

अलीगंज, लखनौ
बुधवार, २७ मे १९९८

दादा,

अर्जाचा तिसरा कागद आत्ता फाडला. चौथा घेण्याआधी तुम्हाला लिहितो आहे.

तुम्हाला आणि वहिनींना नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? इकडे लू सुरू आहे. लाईट गेलेली, कूलर बंद. चित्रा गच्चीवर पाणी मारते आहे.

तुमचं पत्र पोचलं. ‘मी शेवटच्या दिवशी साडेपाचपर्यंत ड्रॉइंग बोर्डावर होतो. वेळेआधी उठणं आपल्या घराला शोभत नाही.’ ही दोन वाक्यं मी चित्राला वाचून दाखवली. ती म्हणाली, “भाऊजींना कळवा, घरी बसून हे माझ्या आमटीवर पेन्सिलीच्या टिका मारणार असतील तर मीही राजीनामा देते.”

वेळेआधी म्हणजे कशाच्या आधी, दादा? छत्तीस वर्षं माझ्या सर्व्हिस बुकात ३१ मे १९९८ ही तारीख आहे. दोन आठवड्यांपूर्वी सरकारने निवृत्तीचं वय अठ्ठावन्नचं साठ केलं. एप्रिलमध्ये मी वेळेवर जाणारा होतो, आता पळपुटा झालो. मी जागचा हललेलो नाही. तारीख हलली.

ऑफिसात निरोपाची वर्गणी झाली होती. सूटकेस आणलेली होती. ती आता कपाटावर ठेवली आहे, दोन वर्षांनी देणार म्हणे. मी हेडक्लार्क बडे बाबूंना सांगितलं, रविवारीच जाणार. तर स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज लागतो. ठरल्या दिवशी जाण्यासाठी स्वेच्छा!

बडे बाबू म्हणाले, “पाटणकर साहब, लोग दो साल के लिए मन्नत माँगते हैं। आप लौटा रहे हैं?”

“लौटा रहा हूँ.”

“तो कारण लिखिए। कॉलम खाली नहीं छोड़ सकते। बीमारी लिख दीजिए, किसी को बुरा नहीं लगेगा.”

पहिल्या कागदावर मी प्रकृती लिहिली. खोटं आहे. डोळे मार्चमध्ये तपासून घेतले, चांगले आहेत. दुसऱ्यावर घरगुती कारण लिहिलं. तेही खोटं. चित्राला मी घरात नकोच आहे. तिसऱ्यावर काहीच लिहिता आलं नाही.

तपासणी कशी चालते हे तुम्हीच मला शिकवलंत. ड्रॉइंगचा प्रिंट पसरायचा. एकेक माप पाहायचं. बरोबर असेल त्यावर पिवळ्या पेन्सिलीची टीक, चूक असेल तिथे लाल. मग ‘तपासले’च्या चौकटीत सही. त्या सहीनंतर ड्रॉइंग कुणी पाहत नाही. त्यावरून पूल उभा राहतो.

मार्चमध्ये एकदा डबा विसरलो म्हणून सहाला परत गेलो. सगळे गेले होते. शर्मिष्ठा श्रीवास्तव, माझ्या हाताखालची ड्राफ्ट्समन, माझ्या टेबलाशी उभी होती. माझा सही केलेला प्रिंट पसरलेला. माझ्या प्रत्येक पिवळ्या टिकेखाली ती साध्या पेन्सिलीने बारीक टिंब देत होती. नंतर खोडता यावं म्हणून.

“सर, मैं तो बस सीख रही थी.”

“कब से सीख रही हो?”

तिने पेन्सिल टेबलावर ठेवली. मग म्हणाली, “दिवाली से.”

विचारल्यावर तिने दाखवल्या : सात चुका, दादा. त्या साती ठिकाणी माझी पिवळी टीक होती. एका गर्डरचं माप ३६५० हवं तिथे ३५६० होतं. आकडा मला दिसला होता. मन मात्र पुढच्या आकड्यावर गेलं होतं. तिने त्या सातही ड्रॉइंगवर गुपचूप दुरुस्त करून घेतल्या. घरी दोन लहान मुलं आहेत तिला.

मी डबा घेऊन आलो. त्यानंतरही दोन महिने सह्या करत राहिलो, कारण मेपर्यंतच तर होतं. आता तो मे साठाव्या वर्षापर्यंत लांबवतात. तुम्ही म्हणता, लांबव.

हे तुम्हाला कधीच सांगणार नव्हतो. तुमचं पत्र आलं नसतं तर सांगितलंही नसतं.

१९८७ साली आणि त्यानंतर तुम्ही निवृत्त होईपर्यंत, तुम्ही साडेपाचला सायकल काढलीत की मी तुमचे प्रिंट उघडत होतो. चित्राला सांगायचो, ओव्हरटाइम आहे. चुकांची अकरा ठिकाणं सापडली, ती गुपचूप दुरुस्त करून घेतली. तुमच्या निरोपाला मी भाषण केलं की दादांच्या सहीचं ड्रॉइंग पुन्हा कुणाला पाहावं लागलं नाही. टाळ्या पडल्या. तुम्ही डोळे पुसलेत. ते वाक्य दहा वर्षं तुमच्या प्रत्येक पत्रात येतं, आणि मी ते मुकाट्याने वाचतो.

मी ते मायेनेच केलं. शर्मिष्ठाही आदरानेच करते. मला ती माया नको आहे. आपल्या सहीमागे दुसरं माणूस थांबू लागलं, त्या दिवशी आपली वेळ झालेली असते. माझी दिवाळीत झाली. मी आधी जात नाही, दादा. सात महिने उशिरा जातो आहे.

तुम्ही म्हणाल, हे मला सत्तरीला आल्यावर का सांगितलंस. कारण तुम्ही मला आपल्या घराची आठवण करून दिलीत. आपलं घर हे असं आहे.

माफी मागत नाही. मागायची असती तर तेव्हाच, १९८७ साली, तुमच्यासमोर उभा राहिलो असतो. पुन्हा पत्र लिहायचं की नाही, ते तुमच्यावर सोडतो.

तुमच्या मागे थांबलेला,
रमाकांत

गुरुवार, २८ मे. सकाळी साडेदहाला अर्ज दिला. कारण लिहिलं : ‘तपासताना चुका सुटतात. दिवाळीपासून मी सही केलेले सगळे प्रिंट पुन्हा तपासावेत.’ बडे बाबू म्हणाले, “यह मत लिखिए साहब, छत्तीस साल का नाम है.” मी म्हटलं, मोहर मारिए. त्यांनी मारली.