आई ऐकू आली पाहिजे

सोमवार, ८ सप्टेंबर

हमीपत्रं भरून झाली एकदाची. दोन आमची, दोन ताहिराभाभींची.

दर वर्षी लागतात — रॅगिंग करणार नाही, कुणी केलं तर गप्प बसणार नाही. एक विद्यार्थ्याने भरायचं, एक पालकाने. तेजस्वीचंही मीच भरते, पहिल्यापासून. ओटीपी तिच्या फोनवर येतो म्हणून पुण्याला फोन लावला. "आई, स्टुडिओ चालू आहे!" मग आकडा सांगितला, तोही धड नाही. वाचलंस का हे विचारायचं राहिलंच. मी तरी कुठे वाचलं. खाली खाली सरकवत गेले आणि चौकोनांत खुणा करत सुटले.

मग ताहिराभाभी चौथ्या मजल्यावरून खाली आल्या फोन घेऊन. त्यांची अफ्रीन यंदा तेजूच्याच आर्किटेक्चर कॉलेजात, त्याच हॉस्टेलला. पोरगी जन्मापासून इथली, आखातात अबू हलीफातली, बिल्डिंगबाहेर एकटी कधी कोपऱ्यावरच्या बकाल्यात किराणा आणायलासुद्धा गेली नाही. तिला एवढ्या लांब पाठवायला झहूरभाई तयार नव्हते. मीच पटवलं. म्हटलं, सेकंड इयरला आपलीच पोरगी सीनियर असली की भ्यायचं कुणाला?

शाळेच्या ऑफिसात दर एप्रिलला बारावीच्या पालकांना मी रॅगिंगवर तासभर सांगते. हेल्पलाइन, तक्रार कशी करायची, सगळं. निम्म्या आया मला नावाने ओळखत नाहीत, रॅगिंगवाली मॅडम म्हणतात. अफ्रीनचं काही वाकडं झालं तर तोंड कुठे लपवू? काही होणार नाही म्हणा. तेजू आहे.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

ताहिराभाभींचा चेहरा उतरलेला. अफ्रीन म्हणते, व्हॉइस पाठवू नकोस, टाइप कर.

"मला टायपिंग कुठे येतंय गो ताई? मी आपली बोलते. सकाळी उठलीस काय, जेवलीस काय. रोज ऐकायची. आता बोलते, नको अम्मी."

मी म्हटलं, अभ्यास असेल, मैत्रिणी असतील शेजारी. पोरींना लाज वाटते या वयात. त्यांना पटलं. मला नाही पटलं. कारण कळत नाही.

रविवार, १४ सप्टेंबर

तेजूला विचारलं अफ्रीन कशी आहे. "ठीक आहे." एवढंच. पुढे काही विचारायच्या आत, "आई, सबमिशन आहे."

बुधवार, १७ सप्टेंबर

अफ्रीन मेसमध्ये जात नाही. बिस्किटांवर आहे. काल आईला म्हणाली, मला घेऊन जा, मी तिथेच काहीतरी शिकेन. एक महिनासुद्धा झाला नाही जाऊन.

शाळेतून आल्या आल्या मीच फोन केला. "आय अॅम फाइन, आंटी." मराठीत विचारलं तरी तेच, फाइन. हा फाइन मला चांगला ठाऊक आहे. दोन दोन वर्षं तो फाइन ऐकून मुलांच्या आया गाफील राहतात, असं मी दर एप्रिलला सांगते! विचारलं, कुणी त्रास देतंय का? म्हणाली, "सगळ्यांनाच करतात, आंटी. इंट्रो असतो, सीनियर्ससमोर."

म्हणजे आहे. आहेच.

गेल्या वर्षी तेजूला पाठवण्याआधी मी अशीच घाबरले होते. तेव्हा तिची तयारी करून घेतली होती — जुन्या विद्यार्थ्यांकडून माहिती काढली, यादी केली आणि पंधरा दिवस जेवणाच्या टेबलाशी रोज अर्धा तास सराव. मी सीनियर, ती ज्युनियर. नाव उलटं सांग. नजर खाली. माझी शीट काढून दे. तिला सांगायचे, रडायचं नाही, चिडायचं नाही, हसून उरकायचं. शरद म्हणायचा, अगं तू तिला कॉलेजला पाठवतेयस की जेलला? पण उपयोग झाला. तेजूला पहिल्या वर्षी कुणी बोटसुद्धा लावलं नाही. अफ्रीनशी असा सराव करायला मला वेळच झाला नाही. माझीच चूक.

तक्रार करायची. ठरलं.

शुक्रवार, १९ सप्टेंबर

सकाळी ताहिराभाभींकडे बसून तक्रारीचा मसुदा लिहिला. सगळे रकाने भरले. एकच राहिला — त्रास देणाऱ्याचं नाव. अफ्रीन सांगायला तयार नाही.

झहूरभाई दुकानात. भाभींनी घावणे केले होते, मला एकही गिळवला नाही. त्या माझ्याकडे अशा बघत होत्या, जसं काही माझ्या हातात पेन नाही, मंत्र्याचा शिक्का आहे. "तुमी हाव म्हणून बरं ताई. नायतर मी काय केलं असतं?"

शरदला फोनवर सांगितलं. तो मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीत, शटडाउन चालू, घरी येतो तो फक्त झोपायला. म्हणाला, "कर की. पोरीचं भलं होत असेल तर कर."

तेजूलाही सांगितलं. तिला आनंद होईल वाटलं. ती म्हणाली, "आई, तू यात पडू नकोस ना प्लीज." घाबरली असणार. तिच्याच वर्गातल्या कुणी केलं असेल तर तिला तिथेच राहायचंय अजून चार वर्षं. मी म्हटलं, तुझं नाव कुठेही येणार नाही, माझा शब्द.

रविवार, २१ सप्टेंबर

दुपारी अफ्रीन बोलली. रडत रडत, अर्धं इंग्रजीत.

कॉमन रूममध्ये स्टुलावर उभं केलं. फोन घेतला. तिच्या अम्मीचे व्हॉइस निरोप स्पीकरवर लावले, एकामागून एक. मग तिला म्हणाल्या, आता तू बोल, अम्मीच्या आवाजात. "जेवलीस काय गो." हळू बोलली की पुन्हा. रडली की पुन्हा. वीस जणी बसून हसत होत्या. आणि मधे मधे एक जण ओरडायची — आई ऐकू आली पाहिजे! आई ऐकू आली पाहिजे!

मी फोन बंद केला. नीट निरोपही घेतला नाही पोरीचा.

लिहवत नाही.

सोमवार, २२ सप्टेंबर

घट बसवला. हात आपोआप चालत होते. शाळेत रजा टाकली.

लिहूनच काढते. वहीशिवाय कुणाला सांगू?

१९९६. कोल्हापूरचं हॉस्टेल. माझी आई चौथी शिकलेली, पण दर आठवड्याला पत्र. गायीला पाडा झाला. डोक्याला तेल लाव. जेवतेस का. सीनियर मुलींनी पत्र घेतलं, मला स्टुलावर उभं केलं आणि वाच म्हणाल्या, आईच्या आवाजात. मी वाचलं. माझ्या आईचा हेल मला हुबेहूब येतो. एक लांब वेणीची मुलगी मागून ओरडायची — आई ऐकू आली पाहिजे! सगळ्या हसल्या. शेवटी मीही हसले. तेच सर्वांत वाईट. त्या आठवड्यात मी आईला लिहिलं, पत्र पाठवू नकोस, वाचायला वेळ नसतो. तिने पुन्हा कधी लिहिलं नाही. का, तेही विचारलं नाही. आई जाऊन नऊ वर्षं झाली.

हे मी शरदला सांगितलेलं नाही. शाळेत, एप्रिलच्या त्या तासात, कधीच नाही. हॉस्टेलच्या रेक्टरबाईंनंतर एकाच माणसाला सांगितलं. गेल्या वर्षी, सरावाच्या शेवटच्या दिवशी, जेवणाच्या टेबलाशी. नुसतं सांगितलं नाही. तिला स्टुलावर उभं करून, तिच्या मागे उभी राहून ते वाक्य मी स्वतः ओरडून दाखवलं, तिला सवय व्हावी म्हणून.

दुसरं कुणी कसं असेल? दुसरं कुणी असू दे, अशी देवीसमोर हात जोडून भीक मागितली सकाळी. मला माहीत आहे दुसरं कुणी नाही.

मंगळवार, २३ सप्टेंबर

तेजूशी बोलले. वीस मिनिटं.

आधी नाही म्हणाली. मी फक्त ते वाक्य म्हटलं.

"आई, गेल्या वर्षी त्या मला काहीतरी भयंकर करायला लावणार होत्या. मी म्हटलं, माझ्याकडे एक भारी आयडिया आहे. दुसरीवर केली त्यांनी. मला सोडलं. मग मी त्यांच्यातली झाले. दॅट्स हाऊ इट वर्क्स. यंदा आमची टर्न होती. मी काय एकटीने नाही म्हणायचं?"

अफ्रीनच का, विचारलं.

"तिला सोडलं असतं तर सगळ्या म्हणाल्या असत्या, तुझ्या घरची आहे म्हणून सोडलीस." मग लहान मुलीसारखी — "तूच म्हणाली होतीस ना, हसून उरकायचं. ती हसली का नाही? मी तर हसले असते."

तिला मी सगळं शिकवलं. स्वतः कसं वाचायचं ते शिकवलं. दुसरीला वाचवायचं, हे त्या यादीत नव्हतंच. बत्तीस मुद्दे होते, त्यात नव्हतं.

तेजू, माझं बाळ. तुझा राग येतो आणि तुला पोटाशी धरावंसं वाटतं, एकाच वेळी.

बुधवार, २४ सप्टेंबर

ताहिराभाभी आल्या. "ताई, नाव नसलं तरी पाठवूया काय तक्रार?"

मी म्हटलं, थांबूया. घाई नको. कुणाच्या तरी मुलीच्या आयुष्याचा प्रश्न आहे. पोरवयात होतं असं. उद्या सगळ्या मैत्रिणी होतील.

त्या मान हलवत गेल्या. मी म्हणते म्हणजे बरोबरच असणार! दार लावलं आणि पायऱ्यांवरचा त्यांच्या सपातांचा आवाज ऐकत उभी राहिले. कोल्हापूरच्या रेक्टरबाई हेच बोलल्या होत्या मला. हेच, याच क्रमाने.

गुरुवार, २५ सप्टेंबर

भाभींनी माझ्याकडून टायपिंग शिकायला घेतलंय. 'जेवलीस काय' लिहायला चार मिनिटं लागली. 'ज' सापडत नव्हता. पाठवून माझ्याकडे बघून हसल्या.

शुक्रवार, २६ सप्टेंबर

अफ्रीनला मीच फोन केला. भीत भीत. पोरीने फोन उचलला, हेच नवल.

मी म्हटलं, तू नाव का सांगत नाहीस ते मला कळलंय. तुला भीती वाटते ना तिची?

"नाही, आंटी. तेजूदीदीची भीती नाही वाटत." किती सहज म्हणाली नाव. मग थांबून, "अम्मीला तुमच्याशिवाय तिथे कोण आहे? अब्बा दिवसभर शॉपमध्ये. तुम्ही दोघी बोलायच्या बंद झालात तर ती कुणाकडे जाईल?"

अठरा वर्षांची आहे. बिस्किटांवर जगतेय आणि माझ्या दाराची काळजी करतेय, ते तिच्या आईला उघडं राहावं म्हणून.

शरद आज घरी. त्याला सगळं सांगितलं, कोल्हापूरसकट. डोकं धरून बसला. म्हणाला, "काढून टाकतील तिला. वर्ष जाईल, कदाचित सगळंच जाईल. तू स्वतःच्या हाताने करणार हे? अफ्रीनला इकडे बोलावून घेऊ, इथे घालू कुठेतरी." मी म्हटलं, म्हणजे जिला त्रास झाला तिनेच जायचं? तो म्हणाला, "मला नको विचारू. मी बाप आहे." मग बराच वेळ गॅलरीत उभा राहिला उन्हात.

तो झोपल्यावर दुपारी पालकाचं हमीपत्र उघडलं. पहिल्यांदा वाचलं, ओळ न् ओळ. माझ्या मुलीला कुणी त्रास दिला तर काय, हे शोधत होते मी आजवर. त्यात लिहिलंय ते वेगळं. माझी पाल्य कुणालाही त्रास देणार नाही, दिलाच तर होणारी कारवाई मला मान्य आहे. खाली माझं नाव. दोन वर्षं, दोन्ही वेळा.

शनिवार, २७ सप्टेंबर

सकाळी भाभींकडे वर जाऊन सांगितलं. मांडीवर हात ठेवून बसल्या होत्या. ऐकून घेतलं. चहा दिला नाही. दार लावताना म्हणाल्या, "पाठवा."

रिकामा रकाना भरला. तेजस्वी शरद मयेकर, द्वितीय वर्ष. पाठवली.

मग तेजूला निरोप पाठवला. मला लिहिता येईना, म्हणून बोलले — काय केलं, का केलं, मी येतेय, तुझ्याबरोबर उभी राहीन त्यांच्यासमोर, जेवून घे.

दोन निळ्या खुणा. मग उत्तर आलं.

"व्हॉइस पाठवू नकोस. टाइप कर."