उखाण्यातलं नाव

सोमवार, ६ जानेवारी
सातपूरच्या या घरात आज आले. आम्ही दोघंही इथं नवीन. लख्ख खोल्या, नळाला पाणी, गॅलरीत ऊन. दवाखान्यातल्या फिनेलच्या वासातून सुटले, आणखी काय पाहिजे? रस्त्यात गाडीनं उडवलं म्हणे. डोकं फुटलं, डावा हात प्लास्टरात. मागचं काही आठवत नाय. शुद्धीवर आले तर खाटेशी एक माणूस. म्हणाला, मी तुझा नवरा, तू दीपमाला. नाव दीपमाला आणि हात बघा, खुरपं धरून राठ झालेले! नवराही मिळमिळीत. साधा चहा जमत नाय.
मला लिहिता येतं, पण लिहिलेलं वाचता येत नाय. असलं येडपट दुखणं.

बुधवार, ८ जानेवारी
शिकवायला दवाखान्यातून झेबा मॅडम येतात. माझ्या निम्म्या वयाची पोर. अननसाचं चित्र दाखवून म्हणते, अ म्हणा. मी म्हटलं, बाई, पेन कसं धरायचं ते तरी मला ठाऊक आहे. हसली. म्हणाली, डोळा विसरलाय, बोट विसरलेलं नाय. अक्षरावरून बोट फिरवा. फिरवलं, तर डब्यावरचं ‘मीठ’ लागलं! एवढी थोराड बाई पुन्हा पहिलीत पास. नवऱ्याला सांगितलं तर म्हणतो, वाचून काय दिवे लावणार?

शुक्रवार, १० जानेवारी
कपाटातलं एकही पोलकं धड उजव्या दंडातसुद्धा जात नाय. म्हणतो, दवाखान्यात सुजलीस. पायही सुजले वाटतं, चपला बोटभर लहान! प्लास्टर काढायची तारीख गेली. रोज उद्या उद्या करतो. आळशी मेला.

मंगळवार, १४ जानेवारी
संक्रांत. शेजारच्या सावित्रीबाईंकडं हळदीकुंकू. नटव्या बाया उखाण्यासाठी मागं लागल्या. नवऱ्याचं नाव मी विचारलंच नव्हतं. बायको कधी विचारते का? पण तोंड आपसूक उघडलं: झेंडूच्या तोडणीला उन्हाआधी जाते, वाल्मीकरावांचं नाव हळदीकुंकवाला घेते.
बाया खो खो हसल्या. सावित्रीबाई म्हणाल्या, अगं बाई, तुझा मालक तर रवी, हा वाल्मीक कुठला काढलास? डोक्याला मार आहे म्हणून सोडून दिलं.
हा मला न्यायला दारात उभा होता. तो हसला नाय.

बुधवार, १५ जानेवारी
झेबा मॅडम आल्या नाहीत. यानंच नको सांगितलं. बाहेर जाताना कडी लावतो. म्हणतो, तू हरवशील. मी काय शेळी आहे?

शुक्रवार, १७ जानेवारी
प्लास्टर भिजवलं, कात्रीनं कापलं. त्याची वाट कोण बघणार.
खाली गोंदण. हिरवी अक्षरं. डोळ्याला नुसत्या मुंग्या. बोट फिरवलं.
वाल्मीक.
मोटारसायकल — मी मागं बसलेली — मधे झेंडूची पाटी — सायखेड्याचा रस्ता. तो गाडी चालवत होता. माझा तो कुठाय? मग हा कोण? आणि ती पोलकी, त्या चपला कुणाच्या — खऱ्या दीपमालेच्या? मग ती कुठाय —

शनिवार, १८ जानेवारी
त्यानं हात पाहिला. मी म्हटलं, मला कुठं वाचता येतं? पण बोट — मेलं बोट गोंदणावर फिरतच होतं. त्याला दिसलं.
म्हणतो, डोक्याच्या दुखण्यावर डाग देतात. हातावर द्यायचा.
गॅसवर विळा ठेवलाय. लाल झालाय. कडी आतून —
बावळट. कातडं जाळलं की नाव जातं होय? माझ्या तोंडात आहे ते. आणि माझंही आता — आठवलं — दीपमाला नाय — ठमा. ठमाबाई वाल्मीक