वडिवु परत गेली नव्हती

कुंभकोणम्,
आडी महिन्यातला शेवटचा सोमवार

प्रिय वसंता अक्का,

खुशाली विचारायला हे पत्र नाही, आधीच सांगते. तुझे गुडघे, भावजींचं बीपी, पुण्याची हवा, सगळं बरं असेल असं धरून चालते आणि मुद्द्यावर येते, कारण माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झालाय. आज सकाळी तू घरच्या ग्रुपवर ते जुनं गाणं टाकलंस आणि खाली लिहिलंस, की आपल्या लहानपणीच्या सिनेमांत संस्कार होते म्हणून आपल्या पिढीचे संसार टिकले. वर हात जोडलेली चित्रं. तुझ्या लेकीनं, वाणीनं ते वाचलं, फोन पालथा ठेवला आणि बॅग भरायला गेली. गॅसवर दूध उतू गेलं, ते पुसायचंही मला सुचलं नाही. संसार टिकले म्हणे. कुणाचे गं? त्या ग्रुपवर मी पण आहे ना?

तुझी मुलगी महिनाभर माझ्याकडे आहे आणि येत्या रविवारी तुझा जावई हरिप्रसाद तिला चेन्नईला परत न्यायला येणार आहे. गल्लीत मी सांगून ठेवलंय, आडी महिना आहे, नव्या नवऱ्या माहेरी येतात, हिचं माहेर पडलं पुण्याला, म्हणून मावशीकडे आली. लोक माना डोलावतात. खरं कारण तुला आणि मला माहीत आहे. तो ऑफिसला जाताना फ्लॅटला बाहेरून कुलूप लावतो, संध्याकाळी येऊन काढतो, आणि विचारलं तर म्हणतो, तुझ्या काळजीपोटीच करतो. एक दिवस वॉशिंग मशीन दुरुस्त करणारा आला, दार उघडं राहिलं आणि पोरगी चपला हातात घेऊन जिना उतरली. पहिला फोन तिनं तुला केला होता, अक्का. तू म्हणालीस, पदरी पडलं पवित्र झालं. मग ती इकडच्या गाडीत बसली.

आता तुझ्या संस्कारी सिनेमांविषयी बोलू. तुला आठवतंय का, ते सिनेमे मी बघितलेच नव्हते? धनलक्ष्मी आत्या फक्त तुला न्यायची. मी एकदा भर थिएटरात राक्षसाला घाबरून असा गळा काढला होता की बायकांच्या रांगेतून आम्हाला उठवून बाहेर पाठवलं, तेव्हापासून माझं नाव कटलं. दुपारच्या खेळाला तुम्ही दोघी जायच्या, केसांत मोगरा, आत्याच्या पिशवीत कुरकुरीत मुरुक्कु. रस्त्यातून ती जाहिरातीची सायकलरिक्षा कर्ण्यावर ओरडत गेली की मी तिच्यामागं कोपऱ्यापर्यंत धावायची आणि उडवलेले कागद गोळा करायची. तेवढाच माझा सिनेमा. रविवारी दुपारी रेडिओवर सिनेमाचा नुसता आवाज लावायचे, ते एक होतं. पण त्यात कोण दार उघडतंय आणि कोण कुणाला मारतंय काही कळायचं नाही, आणि अप्पा डुलकीतून जागे होऊन नेमका तेव्हाच रेडिओ बंद करायचे.

तू मात्र संध्याकाळी विहिरीपाशी बसवून सगळा सिनेमा सांगायचीस. गुलाबी कागदाचं ते पाट्टुपुस्तक मांडीवर ठेवून गाणी म्हणायचीस, पितळेचं झाकण आपटून वीज पाडायचीस, गाडीचा भोंगा, व्हायोलिन, सासूचा खोकला, सगळं तूच. आणि सगळं आपल्या घरच्या मराठीत. खलनायक पण आपलीच बोली बोलायचा, अप्पांसारखीच. मी शाळेत शपथेवर सांगितलं होतं की सिनेमातली माणसं बाहेर तमिळ बोलतात आणि घरी आली की मराठी बोलतात. वर्गातल्या पोरी वर्षभर मला हसल्या. मी काय करणार, मला तेच खरं वाटायचं. आपण तसेच बोलायचो की.

आणि त्यातला आपला सगळ्यात लाडका, वडिवुचा सिनेमा. मी तो तुझ्याकडून किती वेळा ऐकला असेन. गरिबाघरची वडिवु मोठ्या घरात पडते, नवरा संशयी, सासू कजाग, तिला माडीवरच्या खोलीत कोंडून ठेवतात. शेवटी नवऱ्याला त्याची चूक कळते, तो दार उघडतो, आत ये म्हणतो, सगळं घर हात जोडून उभं राहतं. आणि वडिवु काय करते? तू उठून उभी राहायचीस, परकराचा घोळ सावरायचीस आणि आवाज अगदी बारीक करून म्हणायचीस, ‘बायको चालली. मागं बघितली नाही.’ आपल्या घरात बायको म्हणजे नुसती बाई, कुणाची असो नसो. तुमच्या पुण्यात आल्यावर मला कळलं की तिकडं ती कुणाची तरी असावी लागते. मग वडिवु गावी येते, टायपिंगचा क्लास काढते, दारावर स्वतःच्या नावाची पाटी लावते. पाटी लावताना हातोडी बोटावर बसते आणि ती हसते. ते बोट तू चोखून दाखवायचीस.

पुढचं तुला माहीत आहे, पण आज मी तुला ते ऐकवणार आहे. मला पापनाशम्‌ला दिलं. तिथं ताट भिरकावणं हा रोजचा नेम होता, कधी भिंतीवर, कधी माझ्यावर. एके दिवशी तो माणूस रडला, माफी मागितली, त्याची आई पण रडली, सगळे दारात हात जोडून उभे राहिले. अक्का, कुणीही विरघळली असती. मी विरघळणारच होते. आणि मला एकदम तुझा तो बारीक आवाज ऐकू आला. मी ट्रंक उचलली आणि बसस्टँडवर आले. अप्पा चार वर्षं माझ्याशी बोलले नाहीत. आई जेवायला वाढायची आणि आत जाऊन रडायची. मी दोन जुनी मशीनं घेतली, अरसलार नदीच्या पुलाजवळ खोली घेतली, पाटी लावली, ‘नागलक्ष्मी टायपिंग इन्स्टिट्यूट’. सगळ्या गावाला वाटलं ही बाई धाडसी. कसलं धाडस? मला वाटायचं एवढी लाखो माणसं थिएटरात बसून वडिवुसाठी टाळ्या वाजवून गेली आहेत, म्हणजे असं करता येतं. हे कुणी तरी आधी केलंय आणि लोकांना आवडलंय. त्या एका गोष्टीच्या जिवावर मी आजवर मान वर करून चालले.

तर गेल्या शुक्रवारी काय झालं ऐक. जुने सिनेमे धुऊनपुसून पुन्हा लावायचं हल्ली खूळ आहे. आपला वडिवुचा सिनेमा इथं लागला. मला इतका आनंद झाला, की मी सकाळचे क्लास बंद ठेवले. म्हटलं, वाणी रविवारच्या धास्तीनं नीट जेवत नाही, हिला दाखवते. माझ्या बोलण्यानं जे होत नाही ते वडिवु करील. आयुष्यात पहिल्यांदा मी तो सिनेमा डोळ्यांनी बघणार होते, नवी साडी नेसले होते.

थिएटराचं काय सांगू. बादलीएवढ्या डब्यातलं पॉपकॉर्न, गार हवेनं कुडकुडायला होतं, आणि सगळी पोरं फोन वर करून सिनेमाचा सिनेमा काढतायत. खलनायक आला की शिट्ट्या, वडिवु रडली की खिदळणं. माझ्यापुढं एकजण त्या काळच्या लांब कल्ल्यांचा विग घालून आला होता. आपल्या जिवाशी खेळ आणि यांचा पोशाखाचा कार्यक्रम. तरी मी गप्प बसले, म्हटलं शेवट येऊ दे, मग बघते कोण हसतं. वाणीचा हात मी धरून ठेवला होता. दार उघडलं. नवरा म्हणाला, आत ये. घर हात जोडून उभं राहिलं. मी वाणीच्या कानात म्हटलं, आता बघ.

आणि ती आत गेली, अक्का. आत गेली. वाकून त्याच्या पायावर डोकं ठेवलं, तो म्हणाला, तुझ्या सहनशीलतेनं मला माणूस केलं, आणि तिनं गळ्यातली ताळी डोळ्यांना लावली. मग वर देव हसला आणि सिनेमा संपला.

मी उभी राहिले. भर थिएटरात मोठ्यानं म्हणाले की हे चूक आहे, हिचा पुढचा भाग कापलाय. पोरांनी माझ्यावर पण शिट्ट्या वाजवल्या. मी सरळ मॅनेजरच्या खोलीत गेले आणि त्याला विचारलं, धुतापुसताना शेवट कुणी कापला, टायपिंग क्लास कुठं गेला? त्यानं मला खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाला, अम्मा, हाच शेवट आहे, माझी आजी हा बघून ओक्साबोक्शी रडायची. मी त्याच्याशी अर्धा तास भांडले. शेवटी त्यानं फोनवर जुन्या पाट्टुपुस्तकाचं चित्र काढून दाखवलं, मागच्या पानावर कथा छापलेली. त्यात वडिवु परत जाते. टायपिंगचं नाव नाही.

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला त्या खुर्चीत कळलं. तू बनवलंस. जेमतेम चौदा वर्षांची होतीस, आणि आत्याच्या शेजारी बसून तो पायावर डोकं ठेवण्याचा प्रकार बघितलास, तुला तो पटला नाही, आणि घरी येईपर्यंत तू तो बदलून टाकलास. मी फसले म्हणून रागावले नाही मी. खोटी गोष्ट ऐकून खरं घर सोडलं, याचं मला आजही काही वाटत नाही, उलट त्या सिनेमावाल्यांपेक्षा तुला अक्कल जास्त होती. मला राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. तुला माहीत होतं. कुणी न शिकवता माहीत होतं. मग ती पोर गेली कुठं? लग्नानंतर तू एकही गोष्ट बदलली नाहीस. भावजींनी वीणा विकायला लावली, विकलीस. माझ्याकडे यायचं नाही म्हणाले, अप्पा गेले तेव्हा सुद्धा दोन दिवसांत परतलीस. फोन तर ते तुला स्पीकरवरच ठेवायला लावतात, म्हणून हे सगळं मला बाळबोध अक्षरांत, स्पीडपोस्टानं लिहावं लागतंय. आणि आता तू त्यांच्या शेजारी बसून संस्कारांची गाणी पाठवतेस, त्याच सिनेमांच्या, ज्यांचे शेवट तुला चौदाव्या वर्षी गिळता आले नव्हते. शोभतं का तुला?

थिएटरातून येताना वाणी रिक्षात म्हणाली की मावशी, तुझी पण वडिवु परतच गेली. शुक्रवारपासून ती हेच धरून बसली आहे. मी म्हटलं, ते सिनेमावाल्यांचं, तुझ्या आईनं वेगळं सांगितलं होतं. माझं तिला खरं वाटत नाही. तिला वाटतं, तिला अडवायला मी हे रचलंय. काल मी तुझ्यासारखं उभं राहून, आवाज बारीक करून म्हणून दाखवलं, पण मला कुठं तुझ्यासारखं येतं? माझ्या तोंडून ते नुसतं एक म्हातारी बाई बडबडल्यासारखं झालं. म्हणून हे पत्र. तू ये. शनिवारच्या आत ये, आणि हरिप्रसाद दारात उभा राहण्याआधी तुझ्या मुलीला वडिवुची गोष्ट तुझ्या तोंडानं सांग, शेवटापर्यंत. भावजींना विचारू नकोस, निघताना सांग. परतीच्या तिकिटाची घाई करू नकोस, इथं खोल्या आहेत. आणि येताना गाडीत एका प्रश्नाचं उत्तर तयार ठेव, कारण आज सकाळी बॅग भरता भरता वाणी थांबली आणि मला म्हणाली, ‘आई तुला खरंच असं सांगायची? मग मला का नाही सांगितलं?’

तुझ्यावर संतापलेली, तरी तुझीच,
नागू