पाणी सुटेपर्यंतची वेळ

बाबा, तुमच्या बंबावर दगड मारणाऱ्यांत मीही होते. तुम्ही असताना हे सांगायची हिंमत झाली नाही, आणि आता तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आहेत. मी सातवीत होते. आपल्या चाळीमागची इमारत पेटली होती, तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत माझी मैत्रीण आणि तिची आई किंचाळत होत्या. त्यांचं किंचाळणं थांबलं आणि मग तुमचा बंब आला. लोक तुटून पडले. ड्रायव्हरला खाली ओढून त्याच्या तोंडावर लाथा घातल्या. तुमच्या कानशिलावर कुणीतरी लोखंडी पाइप हाणला. शर्ट रक्ताने भिजत होता आणि तुम्ही नळी उलगडत होता. त्याआधी, बंब येऊन थांबताच, मी दगड काचेवर मारला होता. आत तुम्ही आहात हे मला दिसत होतं, तरी मारला. इतका राग मला त्यानंतर कधी आलेला नाही.

घरी स्वयंपाकघराच्या फरशीवर बसवून आई तुमच्या जखमेत हळद दाबते आहे आणि तुम्ही भिंतीकडे बघून ओरडता आहात, "गाडीला कसले दगड मारतात साले! गाडी कुठं ठेवायची ते जो ठरवतो ना, त्याच्या टेबलावर जाऊन मारा!" मग जरा शांत झालात आणि वेळ कशी मोजायची ते मला सांगितलंत. फोन वाजला की घड्याळ सुरू, आणि गाडी गेटवर पोचली म्हणून ते थांबवायचं नाही. नळीतून पाणी सुटलं की थांबवायचं.

ते टेबल आता माझं आहे. मी एका सल्लागार कंपनीत आहे. शहरात अग्निशमन केंद्रं कुठं हवीत, कुठल्या केंद्राला किती उंच शिडीची गाडी हवी, याचे आराखडे आम्ही करून देतो. मानपाड्याकडे नव्या केंद्रासाठी एक प्लॉट राखून ठेवलेला होता. डोंबिवलीतल्या जुन्या केंद्रातून तिथं पाच मिनिटांत गाडी पोचत असेल, तर नवं केंद्र कशाला, असा प्रश्न होता. तपासायचं काम माझ्याकडे आलं. रविवारी सकाळी मी त्या केंद्राच्या बंबात पुढच्या सीटवर बसून गेले, सायरन वाजवत, आणि एका सोसायटीच्या गेटपाशी घड्याळ थांबवलं. पाच मिनिटं भरली. मी सही केली आणि प्लॉट गेला.

मागच्या महिन्यात त्याच सोसायटीत नवव्या मजल्यावर आग लागली. गाडी संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये अडकली, मग शिडीची गाडी गेटच्या कमानीखालून जाईना. पाणी सुटायला बावीस मिनिटं लागली. तोवर एका म्हाताऱ्याने बाल्कनीतून उडी मारली, खालच्या फरशीवर त्याचं डोकं फुटलं. त्याच्या मुलांनी गाडीवरच्या प्रमुखाला त्याच्याच हेल्मेटने मारलं, डोळा फुटेपर्यंत मारलं. वर निलंबितही त्यालाच केलं, कारण कागदावर पाच मिनिटं होती. उरलेली त्यानेच वाया घालवली म्हणे.

आज चौकशी होती. तो डोळ्याला पट्टी बांधून समोर बसला होता. मी उभी राहिले आणि म्हटलं, "ती वेळ चुकीची आहे. मी पाण्यापर्यंत मोजलीच नाही." चौकशी घेणाऱ्या साहेबांनी विचारलं, "लेखी द्याल?" मी तिथंच लिहून दिलं. नोकरी बहुतेक जाईल, जाऊ दे.

बाहेर पॅसेजमध्ये त्याने मला गाठलं. वाटलं, आता हा हाणणार, आणि हाणावं असंही वाटलं.

"मॅडम, एकच सांगा. ती ट्रायल रविवारी घ्यायचं कोणाच्या डोक्यातून आलेलं? तिकडचं शेंबडं पोर पण सांगेल, रविवारी सकाळी रोड खाली असतो."

"वरून तसं सांगितलेलं," मी म्हटलं.

"तरीच! त्यांच्या आयला..." त्याने भिंतीवर इतक्या जोरात मूठ आपटली की बोटांची सालटी निघाली. जाताना मला म्हणाला, "तुम्ही खरं बोललात, थँक्यू."

हे पत्र कुठेच जाणार नाही, म्हणून लिहिते. वरून कुणीही काहीही सांगितलं नव्हतं, बाबा. रविवार मीच निवडला. कामाच्या दिवशी त्या रस्त्यावर तासभर अडकून पडायचा मला कंटाळा आला होता.