नईमभाईंच्या डोक्यातलं सगळं

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

टूल मी निवडायचं! स्वप्निल सरांनी मीटिंगमध्ये बोट माझ्याकडेच केलं. "दामिनी, सॉफ्टवेअरची सगळी माहिती एका जागी लिहून ठेवायची. कशात, ते तू ठरव."

आम्ही सहा जण अमरावतीत बसून रक्तपेढ्यांचं सॉफ्टवेअर सांभाळतो. माहिती आजही एकाच जागी आहे — नईमभाईंच्या डोक्यात. अकरा वर्षांची. अडलं की सगळे त्यांनाच फोन लावतात. ते जेवत असोत, नाहीतर नमाजाला निघालेले असोत.

५ नोव्हेंबर

तीन टूल उरली. एक देखणं, ऑनलाइन — चित्रं, रंग, शोधायची सोय. दुसरं, सगळ्यांनी मिळून लिहायची ऑनलाइन वही. तिसरं म्हणजे साध्या मजकुराच्या फायली, कोडसोबतच ठेवायच्या. कोड बदलला की लगेच पानही बदलायचं. दिसायला अगदीच गरीब. माझं मन पहिल्यावर.

नईमभाई मोडता घालतील वाटलं होतं. स्वतःचं महत्त्व कोण कमी करून घेईल? ते एवढंच म्हणाले, "चांगलं हाये. पण अकोल्यात फरजानाले सापडते काय, ते पाय."

१० नोव्हेंबर

अकोला. फरजानाताई तिथल्या रक्तपेढीत पिशव्यांची नोंद ठेवतात, लेबलं छापतात. मी नमुन्याची पानं भरलेली तिन्ही टूल नईमभाईंनी त्यांच्यापुढे ठेवली आणि एकच प्रश्न दिला — लेबल छापणं बंद पडलं तर काय करायचं? मग तोंड मिटून बाजूला बसले.

माझ्या देखण्या टूलमध्ये ताई हरवल्या. 'प्रिंटर' शोधलं तर एकवीस पानं! "आमी 'मशीन अटकली' म्हणतो. तुमी काहून असं लिवता?" तेवढ्यात नेट गेलं. दोन्ही ऑनलाइन टूल गायब. फायली त्यांच्याच कॉम्प्युटरवर होत्या — उघडल्या.

राग आला. नंतर लाज वाटली. मी आमच्या सहा जणांसाठी निवडत होते. नईमभाईंना लेबलापाशी उभी असलेली बाई दिसत होती.

१७ नोव्हेंबर

साध्या फायलीच ठरल्या. पण नईमभाईंना लिहायला जमत नाही! सांगायला जमतं. ते बोलतात, मी टाइप करते. काय स्मरण आहे! कोडच्या प्रत्येक ओळीमागचं कारण पाठ. "इथं दोन सेकंद थांबायचं कशाला?" मी विचारलं. "जुना प्रिंटर दम घेते." तेच वाक्य पानावर घेतलं. मी जड शब्द टाकला की लगेच — "फरजानाचा शब्द टाक."

२ डिसेंबर

१४१ पानं. बोटं गेली कामातून!

१२ डिसेंबर, शुक्रवार

दुपारी अकोल्यात लेबल छापणं बंद पडलं. नेटही नाही. ऑपरेशन टेबलवर एक गरोदर बाई, दोन पिशव्या तातडीने हव्यात — आणि लेबलाशिवाय पिशवी हलत नाही. नईमभाई रजेवर, पातूरला गावच्या घरी, फोन लागेना.

फरजानाताईंना फोन लावला, सांगायला लागले, तर त्याच ओरडल्या, "थांब ना, वाचून राहिली मी!" पान त्यांना आधीच सापडलं होतं — 'मशीन अटकली तर'. एकेक पायरी मोठ्यानं वाचत गेल्या. मी नुसती ऐकत. मग फोनमधून प्रिंटरची खरखर आली. सहा मिनिटं लागली सगळी!

संध्याकाळी त्यांचाच फोन — बाई वाचली. मुलगी झाली.

खुर्चीत बसून रडले. सरांनी पाणी आणून दिलं.

१५ डिसेंबर, सोमवार

नईमभाईंनी सरांच्या टेबलावर पाकीट ठेवलं. राजीनामा. पातूरला अब्बा एकटे आहेत, त्यांच्याजवळ राहायचंय. सरांनी कागद मला दाखवला. तारीख — १४ जून २०२१.

"तारीख तरी बदलायची, नईमभाई!" मी म्हणाले.

"कायले? तवाच लिहेल होता. द्यायले जमत नोतं."