कोऱ्या पाण्यातला अंगठा

४ नोव्हेंबर १९८९

आलो एकदाचा भिलाईला! पोलादाचे नमुने तपासणाऱ्या खासगी प्रयोगशाळेत नोकरी आणि शेजारच्या दुर्गमध्ये, पद्मनाभपुरात अंजनाबाईंकडे खोली. बाई मूळच्या आर्वीच्या. भाकरी वाढता वाढता विचारून मोकळ्या झाल्या, बायकोले कावून नाई आणलं? साधना महिनाअखेर वर्ध्याहून येणार म्हटल्यावर लगेच दुसरी खाट काढून दिली.

६ नोव्हेंबर

यंत्र झकास आहे. नमुन्याचा फवारा प्लाझ्माच्या ज्वाळेत जातो आणि नुसत्या उजेडावरून लोखंड, मँगनीज, कॅल्शियम सगळे एकदम मोजून होते. रोज सकाळी त्याचे माप आपोआप जुळावे, असा प्रोग्रॅम मी लिहितो आहे. आधी त्याला कोरे पाणी, म्हणजे काहीच न मिसळलेले शुद्ध पाणी, दाखवायचे. त्यात जे काही सापडेल ते यंत्र शून्य धरते आणि पुढच्या प्रत्येक नमुन्यातून वजा करते. रोज वापरायला या पाण्याची एक मोठी बाटली भरली; बूच सापडेना, म्हणून तोंडाला अंगठा लावूनच ती हलवली. कॉलेजात याच सवयीपायी शिव्या खाल्ल्या होत्या! आमचे वरिष्ठ शेषराव हसून म्हणाले, चालते भाऊ, आता मशीनच सारं पाहून राहिली.

१३ नोव्हेंबर

प्रोग्रॅम बिनचूक चालतो. शेषरावांनी सिविक सेंटरच्या बाजारातून जिलबी आणवली, सगळ्यांना वाटली. माझीच तेवढी राहिली. नवा माणूस, व्हायचेच.

१७ नोव्हेंबर

मी खोलीत असताना अंजनाबाईंनी बाहेरून कुलूप घातले. हाक मारली तर केवढ्या दचकल्या! म्हणाल्या, माफ करजा भाऊ, ध्यानातच नाई रायलं. दुसरी खाट त्यांनी परत नेली आहे.

२१ नोव्हेंबर

दिवसभर कोणी एक शब्द बोलले नाही. फार एकटे वाटते. कोऱ्या पाण्याचे आकडे काढून पाहिले. सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम. घाम. माझ्याच अंगठ्याचा. म्हणजे रोज सकाळी यंत्र मला शून्य धरते आणि —

२५ नोव्हेंबर

माझीही खाट नेली. साधनाला फोन लावला. मी ओरडत होतो, ती नुसती हॅलो हॅलो —

३० नोव्हेंबर

दुर्ग स्टेशन. साधना उतरली, वडिलांसोबत. मी समोर उभा, ती बाजूने निघून गेली. गळ्यात मंगळसूत्र नाही. सासरे कुणाला तरी सांगत होते, पोरीले दाखवाले आणलं —

प्रयोगशाळेत. नवे पाणी केले. बूच लावून. यंत्र विचारते, जुने शून्य पुसायचे का? हो दाबले. पुन्हा विचारते. दाबतो आहे, कळ खाली जातच नाही — हो — हो म्हणतोय ना — साधना, हो —